कोरियन स्वर शिकताना सुरुवात आडव्या रेघेपासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोरियन लिपी वाचता यायला लागली, पण स्वर तोंडात बसत नाहीत. रोमन लिपीत ज्याच्यापुढे 'ई' आणि 'ओ' ही दोन अक्षरं जोडून लिहितात तो स्वर आणि साधा 'ओ', हे दोन्ही कानाला सारखेच वाटतात. 'ई' आणि 'यू' जोडून लिहिलेला स्वर आणि साधा 'ऊ' यांचंही तेच. दोन वेगवेगळे 'ए' आहेत म्हणतात, त्यांतला फरक तर मुळीच कळत नाही. शिवाय, वहीत उच्चार देवनागरीत लिहून घ्यावेत की नाही?

मराठी मुलामुलींना कोरियन शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. रांजणगावसारख्या ठिकाणी कोरियन कंपन्यांत दुभाषी म्हणून नोकरी हवी असलेले, मालिका बघता बघता भाषेच्या प्रेमात पडलेले, पुढच्या शिक्षणासाठी सोलला निघालेले, असे सगळ्या प्रकारचे विद्यार्थी पाहिले. बहुतेकांची गाडी पहिल्यांदा अडते ती इथेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मनावरचं ओझं कमी करू. कोरियनमध्ये स्वरांची 21 चिन्हं आहेत, 10 साधी आणि 11 जोडून झालेली. आकडा मोठा वाटतो. पण मराठी तोंडाला खरोखर नवा म्हणावा असा स्वर त्यांत एकच आहे, आणि अर्धा नवा आणखी एक. तुमच्या दोन 'ए'मधला फरक तर सोलमधली तरुण मंडळीही आज बोलताना करत नाहीत. तेव्हा सगळ्या स्वरांना सारखा वेळ देऊ नका. वेळ द्यायचा तो या दोघांना.

नवा स्वर म्हणजे नुसती एक आडवी रेघ असलेला. रोमनमध्ये 'ई-यू' लिहितात तो हाच. अर्धा नवा म्हणजे उभी रेघ आणि तिच्या डाव्या अंगाला छोटी काडी असलेला, रोमनमधला 'ई-ओ'. सोयीसाठी या उत्तरात पहिल्याला 'चपटा उ' आणि दुसऱ्याला 'खुला अ' म्हणतो.

आता गंमत अशी की सगळ्या पुस्तकांत स्वर एका ठरलेल्या क्रमाने येतात: आ, या, खुला अ, त्याचा 'य' लागलेला भाऊ, ओ, यो, ऊ, यू, चपटा उ आणि शेवटी ई. चपटा उ नववा. तोवर विद्यार्थी थकलेला असतो, आणि 'साधारण ऊसारखाच' असं म्हणून तो उरकला जातो. मी हा क्रम वर्गात पाळत नाही. आधी चपटा उ घेतो आणि त्याच्यापासून बाकीचे काढतो. ही माझी युक्ती नाही, लिपी बनवणाऱ्यांचीच आहे.

राजा सेजोंग यांनी ही लिपी 1443मध्ये तयार केली आणि 1446मध्ये लोकांसमोर ठेवली. तिच्यासोबत त्यांच्या विद्वानांनी लिहिलेलं स्पष्टीकरणाचं पुस्तक होतं. कित्येक शतकं ते नजरेआड होतं, 1940मध्ये त्याची प्रत सापडली. त्यात स्वरांची तीन मूळ चिन्हं दिली आहेत: आकाशासाठी टिंब, जमिनीसाठी आडवी रेघ आणि उभ्या माणसासाठी उभी रेघ. तत्त्वज्ञान एवढंच असतं तर मी ते इथे सांगितलंही नसतं. पण त्याच पुस्तकात प्रत्येक चिन्हाबरोबर जीभ कुठे असते आणि तोंड कसं असतं तेही लिहिलंय. उभ्या रेघेला जीभ मागे जात नाही. आडव्या रेघेला ती थोडी मागे जाते. आणि मग पुढची दोन वाक्यं येतात, जी विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत असं मला वाटतं: ऊ म्हणजे आडव्या रेघेचाच स्वर, फक्त ओठ आवळून. आणि खुला अ म्हणजेही आडव्या रेघेचाच स्वर, फक्त तोंड उघडून.

पंधराव्या शतकापासून आजपर्यंत उच्चार थोडेफार सरकले आहेत हे खरं. पण सराव म्हणून हे आजही चोख लागू पडतं. एक जागा पक्की करायची, तिथून ओठ आवळले की एक स्वर, तोंड उघडलं की दुसरा.

तर जागा पक्की कशी करायची? आरशासमोर बसा. 'ऊ' म्हणा आणि लांबवत राहा. ओठांचा चंबू झालेला दिसेल. आवाज न थांबवता, जीभ जराही न हलवता, चंबू हळूहळू सोडा आणि ओठ आडवे पसरू द्या, 'ई' म्हणताना पसरतात त्याच्या निम्म्याने. वरचे आणि खालचे दात जवळजवळ टेकलेले हवेत, जबडा बंद हवा. जो विचित्र, घशातून आल्यासारखा, 'ऊ'ही नाही आणि 'ई'ही नाही असा आवाज येईल, तोच चपटा उ. मराठीत तो कुठेच नाही, त्यामुळे 'अमुक शब्दातल्यासारखा' असं सांगायची सोय नाही.

बहुतेकांचं चुकतं ते इथे: ओठ पसरले की जीभही त्यांच्याबरोबर पुढे येते आणि स्वर 'इ'कडे झुकतो. तसं होत असेल तर उलटीकडून करा. 'ई' म्हणा, दोन बोटांनी ओठांचे कोपरे तसेच धरून ठेवा आणि आता 'ऊ' म्हणायचा प्रयत्न करा. ओठ हलू शकत नाहीत, त्यामुळे जिभेलाच मागे जावं लागतं. दुसरी चूक म्हणजे जबडा उघडला जाणं. मग तो आपल्या मराठी 'अ'सारखा ऐकू येतो. कोरियन माणसाला तेव्हा खुला अ ऐकू येतो आणि शब्द बदलतो. म्हणून दात जवळ ठेवायचं विसरू नका.

हा स्वर का टाळता येत नाही? कारण तो जवळजवळ प्रत्येक वाक्यात आहे. वाक्याचा विषय दाखवणारे, कर्म दाखवणारे जे प्रत्यय रोज लागतात, त्यांत हा स्वर बसलेला असतो. 'तो, ते' अशा अर्थाचा शब्द, 'आणि' या अर्थाचा शब्द, दोन्हींच्या पहिल्या अक्षरात हाच स्वर आहे. त्यातून इंग्रजीतून आलेले शब्द. कोरियनला जोडाक्षर चालत नाही, म्हणून मध्ये चपटा उ घालून अक्षरं सुटी करतात. कोरियनमध्ये व्यंजन आणि स्वर एका चौकोनात रचून एकेक अक्षर लिहितात. 'स्ट्रेस' हा शब्द तिथे चार चौकोनांचा आहे आणि त्यांतल्या तिघांत चपटा उ आहे. 'ख्रिसमस' पाच चौकोनांचा, त्यातही तीन. आपल्याला जोडाक्षरं जन्मापासून येतात, त्यामुळे आपण हे स्वर गिळून टाकतो आणि 'स्ट्रेस' एका दमात म्हणतो. समोरचा कोरियन माणूस मग गोंधळतो, कारण त्याच्या हिशेबाने चारपैकी तीन चौकोन गायब झालेले असतात. ते घाईत बोलतात तेव्हा 'स'नंतरचा हा स्वर बराच पुसट होतो, हेही खरं. पण त्याची मात्रा जात नाही, त्याच्या वाटचा वेळ दिलेला असतो. नवशिक्याने तो स्पष्ट म्हणावा.

चपटा उ आणि ऊ यांच्या जोड्या कानावर घ्या. 'लेखन, अक्षर' अशा अर्थाचा शब्द 'गल'सारखा लिहावा की 'गुल'सारखा असा प्रश्न पडतो. ग आणि ल यांच्यात चपटा उ आहे. तोच शब्द ओठांचा चंबू करून 'गुल' म्हटला की त्याचा अर्थ होतो कालवं, समुद्रातली. लिपीच्या नावातलं शेवटचं अक्षर हेच आहे, म्हणजे 'हानगुल' म्हणताना ओठ गोल झाले तर लेखनाऐवजी कालवं येतात. तसंच 'उन' म्हणजे नशीब, आणि तिथे उ चपटा केला की चांदी. 'दुल' म्हणजे दोन, उ चपटा केला की माळरान, शेत.

आता जागा पक्की झाली असं धरू. चपटा उ म्हणत राहा आणि जबडा सावकाश खाली सोडा. ओठांना काही करू देऊ नका, ते सैल राहू देत. जिथे पोचाल तो खुला अ.

इथे मराठी माणसाला मोठा फायदा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपला 'घर'मधला 'अ' या स्वराच्या अगदी शेजारी आहे. तो किंचित मागे ओढला आणि जबडा आणखी थोडा उघडला की झालं. इंग्रजीतून कोरियन शिकणाऱ्याला हा स्वर डोंगर वाटतो, आपल्याला तो चार पावलांवर आहे. पण आपण रोमन स्पेलिंग बघतो, त्यात 'ओ' दिसतो, आणि हातातला 'अ' टाकून 'ओ' किंवा 'ऑ' म्हणायला लागतो. 'आन्योंग' हे त्याचं सर्वांत परिचयाचं उदाहरण. नमस्काराच्या त्या शब्दात ओ नाहीच. 'आन्‌-न्यंग-हा-से-यो' असं म्हणा, 'न्यं'मध्ये खुला अ ठेवा, तुम्ही निम्म्या विद्यार्थ्यांच्या पुढे गेलात.

सोल शहराचं नावही असंच. रोमन अक्षरं बघून कुणी 'सेऊल' म्हणतं, कुणी 'सोल'. मुळात दोन चौकोन आहेत, पहिल्यात 'स' आणि खुला अ, दुसऱ्यात 'उल'. 'स-उल', इतकं साधं. सॅमसंगच्या नावात आपण दुसरा भाग जवळजवळ बरोबर म्हणतो, कारण तिथे खुला अ आहे आणि आपण 'संग' म्हणतो. चुकतो तो पहिला भाग, तो 'साम' आहे. ह्युंदाई हे तर मुळात 'ह्यन-दे'च्या जवळ आहे, 'ह्य'ला पुन्हा तोच खुला अ.

खुला अ आणि ओ यांच्यात गफलत झाली तर काय होतं? कॅफेत जाऊन कॉफी मागताना 'खफी' म्हणायचं असतं, 'फ' हा 'फळ'मधला, दोन्ही ओठ मिटून म्हटलेला. 'खोफी' म्हटलंत तर त्याचा अर्थ नाकातून येणारं रक्त. 'गगी' म्हणजे तिथे, 'गोगी' म्हणजे मांस. 'सम' म्हणजे बेट, 'सोम' म्हणजे कापूस. 'बल' म्हणजे मधमाशी, 'बोल' म्हणजे गाल. (कोरियन ग, ब हे शब्दाच्या सुरुवातीला क, पकडे झुकतात. तो व्यंजनांचा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.)

हा फरक ओठांतच आहे. आपला मराठी 'ओ' बऱ्यापैकी आळशी असतो, 'लोक' किंवा 'बोट' म्हणताना ओठ फारसे पुढे येत नाहीत. कोरियन 'ओ'ला ते चांगले पुढे यायला हवेत, शिट्टी वाजवण्याच्या तयारीत असल्यासारखे. आपला सैल 'ओ' कोरियन कानाला खुल्या अच्या बाजूला सरकलेला वाटतो. म्हणून गंमत अशी होते की विद्यार्थी खुल्या अवर मेहनत घेत राहतो, आणि खरी दुरुस्ती हवी असते 'ओ'मध्ये. ओठ आवळून 'ओ' म्हणायला लागलं की दोघांमधलं अंतर आपोआप वाढतं.

पण मग ऐकताना वेगळीच पंचाईत होते. सोलच्या तरुण बोलीत हा 'ओ' इतका वर चढला आहे की तो 'ऊ'सारखा ऐकू येतो. 'मीसुद्धा' या अर्थाचा 'नादो' कित्येकजण सरळ 'नादू' म्हणतात. काका-मामांना म्हणायचं 'सामछोन' बोलताना 'सामछुन' होतं. तुमच्या कानात दोष नाही, बोलणारेच तसं बोलतात. लिहिताना मात्र 'ओ'च लिहायचा. 'दोल' म्हणजे दगड आणि 'दुल' म्हणजे दोन, 'गोंग' म्हणजे चेंडू आणि 'गुंग' म्हणजे राजवाडा, अशा जोड्या घेऊन बसलात तर ऊला ओठ आणखी लहान होतात आणि जीभ आणखी वर जाते हे जाणवेल.

'आ'बद्दल एकच सांगायचंय, पण ते मराठी माणसाला फार लागू आहे. रोमनमध्ये एकटं 'ए' अक्षर आलं की ते नेहमी 'आ' असतं. कधीही 'अ' नाही. आपल्याला रोमन मराठी वाचायची सवय असते, तिथे तेच अक्षर कधी 'अ' असतं कधी 'आ', संदर्भाने आपण ओळखतो. तीच सवय कोरियनला लावली की 'सारांग', म्हणजे प्रेम, याचं 'सरंग' होतं. आणि आपला 'अ' हा कोरियन कानाला खुला अ वाटतो, म्हणजे दोन्ही चौकोनांत भलताच स्वर ऐकू जातो. 'गांगनाम', 'नामसान', 'बुसान' असं पूर्ण तोंड उघडून म्हणा.

मात्र 'आ' लांबवू नका. मराठीत आ दीर्घ असतो, शब्दाच्या शेवटचे ई-ऊसुद्धा आपण लांब करतो. कोरियनमध्ये प्रत्येक चौकोनाला साधारण सारखाच वेळ मिळतो. जुन्या नियमांत ऱ्हस्व-दीर्घ आहे. आखूड 'नुन' म्हणजे डोळा आणि लांब 'नून' म्हणजे बर्फ, आखूड 'माल' म्हणजे घोडा आणि लांब 'माऽल' म्हणजे बोलणं. पण आजची तरुण पिढी हा फरक पाळत नाही, संदर्भावरून अर्थ लावते. तुम्हीही सगळे स्वर आखूड आणि सारखे ठेवा. टाळी वाजवत, एका टाळीला एक चौकोन, असं वाचलंत तर लय लवकर बसते.

आता दोन 'ए'. एक चिन्ह 'आ'च्या काडीला उभी रेघ जोडून होतं, दुसरं खुल्या अला उभी रेघ जोडून. 1988च्या प्रमाणभाषेच्या नियमांत हे दोन वेगळे स्वर आहेत: पहिला आपल्या 'बॅट'मधल्या ॲकडे झुकलेला, दुसरा 'ए'कडे. कागदावर शुद्ध स्वर 10 मोजले जातात. सोलच्या रस्त्यावर मात्र ते 7च राहिले आहेत, कारण दोन्ही ए एक झाले आणि आणखी दोन स्वर जोडस्वर बनले. कुत्रा आणि खेकडा या दोन्हींचा उच्चार आज 'गे' असाच होतो. 'माझा' आणि 'तुझा' हे शब्दही 'ने' असे एकसारखे झाले. त्याने खरोखरच अडचण होऊ लागली, म्हणून लोक 'तुझा'साठी बोलताना 'नी' म्हणायला लागले. मालिकांत 'नीगा' (म्हणजे 'तू') ऐकू येतं आणि लिहिलेलं वेगळंच दिसतं, त्याचं कारण हे. स्पेलिंग विचारायचं झालं तर कोरियन माणसंच एकमेकांना 'आ-ईवाला ए का अ-ईवाला ए?' असं विचारतात. तेव्हा तुमचा मराठी 'ए' थोडा सैल सोडा, 'ए' आणि 'ॲ'च्या मध्ये कुठेतरी, आणि दोन्हीकडे तोच वापरा. फरक डोळ्याने लक्षात ठेवायचा आहे, कानाने नाही. या एका गोष्टीवर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात आणि शिक्षकही त्यांना घालवू देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'य' लागलेल्या स्वरांत शिकण्यासारखं फार नाही. एका काडीच्या दोन काड्या झाल्या की 'य' आला, बस. 'क्य, ग्य, न्य' आपल्याला सहज येतात. फक्त 'य'नंतरचा खुला अ 'यो' होऊ देऊ नका. 'उन्हाळा' हा शब्द घ्या: 'य'ला खुला अ, मग 'र'ला चपटा उ, मग म. एका छोट्या शब्दात दोन्ही कठीण स्वर आहेत, सरावाला उत्तम.

'व' लागलेल्या स्वरांत मात्र सावध राहा. आपण 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ नेतो. कोरियनमध्ये दातांचा संबंधच नाही, दोन्ही ओठ गोल होऊन सुटतात. 'व' म्हणू नका, 'ओ'वरून 'आ'वर घसरा: 'ओआ', पटकन. 'ऊ'वरून खुल्या अवर घसरा, तिथलं चलन मिळेल, ज्याला आपण 'वॉन' म्हणतो. गोल सुरुवात, आणि मग सैल ओठांचा अ, 'ऑ' अजिबात नाही. याच गटातले तीन स्वर लिहायला वेगळे असले तरी बोलताना तिन्ही 'वे' होतात. कंपनी म्हणजे 'ह्वेसा', परदेशी माणूस म्हणजे 'वेगुगिन', 'का?' म्हणजे 'वे?'. 'चोई' असं रोमनमध्ये दिसणारं आडनाव मुळात 'छ्वे' आहे.

राहिला तो चपटा उ आणि ई जोडून झालेला. हा स्वर जागेप्रमाणे रूप बदलतो. शब्दाच्या सुरुवातीला पूर्ण म्हणायचा, चपट्या उवरून ईवर, ओठ गोल न करता. डॉक्टरला 'उईसा' म्हणताना हाच. व्यंजनानंतर आला की नुसता 'ई', म्हणून 'आशा' या अर्थाचा शब्द 'हीमांग' होतो. शब्दात मध्ये किंवा शेवटी आला की बहुतेक लोक 'ई'च म्हणतात. आणि 'चा, ची, चे' या अर्थाचा प्रत्यय म्हणून आला की 'ए' म्हणायची मुभा आहे. 'लोकशाहीचं महत्त्व' असं कोरियनमध्ये लिहिलं तर हे एकच अक्षर ओळीने चार वेळा येतं. उच्चार साधारण 'मिन-जू-जू-ई-ए उई-ई' असा होतो. एकच चिन्ह, तीन आवाज. हे वाक्य पाठ करून टाका, नियम वेगळा पाठ करावा लागणार नाही.

आता वहीचा प्रश्न. रोमनपेक्षा देवनागरी केव्हाही बरी. रोमन तर पहिल्या आठवड्यातच सोडा. पण देवनागरीचेही दोन खड्डे आहेत. चपट्या उसाठी आपल्याकडे चिन्ह नाही. आणि दुसरा जास्त खोल: आपण लिहिलेला 'अ' वाचताना गाळतो. आईला कोरियनमध्ये 'अ-म-नी' म्हणतात, तिन्ही अक्षरं पूर्ण, पहिल्या दोन्हींत खुला अ. वहीत 'अमनी' लिहिलंत की महिन्याभराने तुम्ही ते 'अम्‌नी' वाचणार, कारण मराठी असंच वाचते. वडील 'आ-ब-जी', त्यांचं 'आब्जी' होणार. 'ज'चीही गंमत आहे. 'मी' या नम्र शब्दात ज आणि खुला अ आहे. 'ज' लिहिलं की आपण तो 'जवळ'मधला वाचतो, हवा असतो तो 'जय'मधला. म्हणून देवनागरीत लिहायचंच असेल तर अक्षरांमध्ये आडव्या रेघा द्या आणि खुल्या अ-चपट्या उच्या डोक्यावर मूळ कोरियन चिन्ह काढा. त्याहून चांगलं म्हणजे शब्द कोरियनमध्येच लिहा आणि शेजारी फक्त ओठांची खूण करा: गोल, सैल की चपटे.

चिन्हांची रचना हातात बसायला फोनचा कळफलक फार मदत करतो. सॅमसंगच्या फोनवर कोरियन निवडताना 'चनजीइन' नावाचा पर्याय मिळतो, म्हणजे आकाश-जमीन-माणूस. त्यात स्वरांसाठी तीनच कळा आहेत: उभी रेघ, टिंब, आडवी रेघ. उभी रेघ मग टिंब, आ. टिंब मग उभी रेघ, खुला अ. टिंब मग आडवी रेघ, ओ. आडवी रेघ मग टिंब, ऊ. टाइप करताना प्रत्येक स्वर तोंडाने म्हणा. एकटा स्वर लिहिताना त्याच्याआधी रिकामं वर्तुळ लागतं हेही तिथेच अंगवळणी पडेल. सावरकरांनी सुचवलेल्या 'अि, अी, अु, अू'मध्ये 'अ' जे काम करतो, तेच इथे ते वर्तुळ करतं.

सरावाला ध्वनिवाचक शब्द घ्या. कोरियनमध्ये त्यांचा खजिना आहे आणि त्यांत आ-ओ हे हलक्या, लहान आवाजांसाठी, खुला अ-ऊ हे जड, मोठ्या आवाजांसाठी येतात. छोटा खडा पाण्यात पडला तर 'फोंगदांग', मोठा धोंडा पडला तर 'फुंगदंग', 'दं'मध्ये खुला अ. बारीक ओहळ 'जोलजोल' वाहतो, मोठी धार 'जुलजुल'. चांदणी 'बानच्चाक' चमकते, वीज 'बनच्चक'. ओठ आणि जबडा किती हलतात ते या जोड्या म्हणताना आरशात स्पष्ट दिसतं. क्रियापदाला कुठे 'आयो' लागतं आणि कुठे 'अयो' हेही याच गटांवरून ठरतं, त्यामुळे पुढे व्याकरणात ही मेहनत वाया जात नाही.

ऐकण्याचा सराव एकाच आवाजावर करू नका. एका शिक्षिकेचा खुला अ ओळखू यायला लागला म्हणजे स्वर आला असं नाही, तिचा गळा ओळखीचा झाला. नेव्हर या कोरियन संकेतस्थळाच्या शब्दकोशात शब्दाबरोबर उच्चार ऐकता येतो, तिथे 'खफी' आणि 'खोफी', 'सम' आणि 'सोम' एकापाठोपाठ ऐका. मग बातम्या, मुलाखती, बायका, पुरुष, म्हातारे, सगळे ऐका. बुसान-देगूकडचे जुने लोक बोलताना खुला अ आणि चपटा उ एकच करतात. उत्तर कोरियातला खुला अ ओठ गोल करून येतो आणि सोलच्या माणसालाही तो 'ओ' वाटतो. मालिकेत असं पात्र आलं तर त्याची नक्कल नको, तूर्त सोलची बोली धरा.

तपासणीसाठी फोनमध्ये कोरियन बोलून टाइप करायची सोय चालू करा आणि एकेक सुटा शब्द म्हणा. पूर्ण वाक्य म्हणू नका, कारण 'खोफी द्या' म्हटलं तरी फोन संदर्भावरून कॉफीच लिहील आणि तुमची चूक झाकली जाईल. 'गगी', 'गोगी', 'सम', 'सोम' चिठ्ठ्यांवर लिहून पिसा, येईल ती चिठ्ठी वाचा आणि पडद्यावर काय उमटतं ते पाहा. चपट्या उच्या जोड्या तिथे हमखास अडतील. तेव्हा शब्द सोडून पुन्हा आरशापुढे जा, नुसता 'ऊ' लांबवा आणि चंबू सोडत आडव्या रेघेवर या.